बंद म्हटल्यावर

१

भूपेश तलरेजा रविवारी सकाळी सव्वादहाला मेला. स्वतःच्या गाळ्यात, स्वतःच्या हौसेपायी, चार माणसांच्या मेहनतीनं उभ्या राहिलेल्या यंत्राच्या तोंडी पडून.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागे त्याचा गाळा. पुढच्या भागात दुकान: गेमचे कंट्रोलर, रिमोट, जुनी खेळयंत्रं. अस्सल मागा, हुबेहूब अस्सलसारखं मिळेल. मागच्या भागात जाड पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतींचा पिंजरा आणि पिंजऱ्यात घोरपड. घोरपड म्हणजे चाकांवरचा वीस किलोचा रोबो, तोंडाशी फिरणारी पोलादी चकती. अशा रोबोंच्या झुंजी लागतात आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. दुसऱ्याचं काहीतरी फुटताना बघणं माणसाला मनापासून आवडतं, त्यात नवल ते काय!

घोरपड चालायची गेमच्या कंट्रोलरवर. कंट्रोलर लॅपटॉपला जोडायचा आणि कुठलं बटण दाबलं की तिनं काय करायचं, ते सॉफ्टवेअरमध्ये जुळवून ठेवायचं. या जुळवणीला ही मंडळी मॅपिंग म्हणत. चालवायचा राजरत्न. उजव्या हाताची तीन बोटं नऊ वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेलेली, त्यामुळे त्या हातात कायम काळा हातमोजा.

रविवारी पाच मिनिटं सराव झाला. घोरपड थांबली, चकती मंदावली. भूपेश नेहमीसारखा पिंजऱ्याचं दार उघडून आत शिरला, तिच्या पाठीवर पाय ठेवला आणि ओरडला, "बंद कर!"

राजरत्ननं बटण दाबलं आणि म्हणाला, "बंद."

घोरपड उसळली. पाय निसटून भूपेश तिच्या तोंडापुढे पडला. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली आणि दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षातच, तो संपला.

पोलिसांनी लॅपटॉप उघडून पाहिला. मॅपिंगमध्ये 'बंद' हे उजव्या बाजूच्या एका बटणावर होतं. राजरत्ननं दाबलं होतं ते डावीकडचं, वरच्या कडेचं. त्यावर होतं 'पूर्ण वेगानं पुढे'. म्हणजे गड्यानं चुकीचं बटण दाबलं. राजरत्नला त्याच संध्याकाळी आत टाकलं.

ही सगळी हकिगत रविवारी रात्री बदलापूरला, मांजर्लीतल्या घरात, सोहम टिपणीस वडिलांना सांगत होता. घोरपडीचा सांगाडा सोहमनंच बनवला होता. त्या सकाळी मात्र तो डोंबिवलीला मुंजीला गेला होता.

"भूपेशची सवयच वाईट होती, बाबा. कितीदा सांगितलं. आधी पाय, मग हाक."

चिंतामणी टिपणीसांनी पापड मोडला. एकतीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते ते. शेकडो अपघातांचे अहवाल त्यांच्या सहीनं गेले आणि त्यातल्या बहुतेकांचं शेवटचं वाक्य एकच होतं. ते त्यांनी आताही, तोंडातला घास न संपवता, म्हणून टाकलं.

"चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा."

२

मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात चाळिशीला आलेली एक बाई, खांद्याला पिशवी, बोटांना जांभळी शाई.

"मी यशोधरा. राजरत्नची बहीण. उल्हासनगरला नोटरीकडे टायपिंग करते."

कुंदाताईंनी पाणी आणलं. चिंतामणींनी बसा म्हटलं, पण स्वतः उभेच राहिले.

"तुम्ही यंत्रं ओळखता, साहेब. तिथे काय झालं ते शोधून द्या."

"पोलीस आहेत की त्याला."

"पोलिसांनी शोधलंय. राजरत्न सापडला." ती पाणी प्यायली नाही. "पुण्याच्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं, नोकरीवर. त्यांची टीम झुंजीत उतरवणार होते, चालवायला हा. एक तारखेला हजर व्हायचं होतं. आता सदोष मनुष्यवध लावलाय. जन्मात कोणी दारात उभं करणार नाही त्याला."

"मी काय करणार, बाई?"

"नऊ वर्षांपूर्वी त्याच्या हाताचा अहवाल तुम्हीच लिहिलात. निष्काळजीपणा लिहिलात, आम्ही मान खाली घातली. आता पुन्हा तेच लिहितायत. या वेळी लिहायच्या आधी निदान बघून घ्या."

चिंतामणींना राग आला. निवृत्त माणसाला राग येतो तो बहुधा खऱ्या गोष्टीचाच. पण बाईच्या आवाजात विनंती कमी आणि वसुली जास्त होती, आणि तिला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"त्या यंत्रापाशी कोण कोण असायचं?" त्यांनी विचारलं.

यशोधरेनं घडी केलेला कागद पिशवीतून काढला. चार नावं आधीच टाइप केलेली होती. राजरत्न, पायल, मुकेश तलरेजा.

चौथं नाव सोहमचं होतं.

३

पायल अंबरनाथला शिव मंदिराच्या रस्त्यावर राहायची. मॅपिंगचं सगळं काम तिचं. डिसेंबरात तिचं आणि राजरत्नचं लग्न ठरलेलं, आणि म्हणूनच पोलिसांनी तिचा जबाब हसत हसत लिहून घेतला होता.

"काका, लॅपटॉप नेण्याआधी मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. बघा." तिनं मोबाइल पुढे केला. "आमचं ओरिजिनल मॅपिंग पूर्ण लेफ्ट साइडला होतं. चालवणं लेफ्ट, चकती लेफ्ट, स्टॉप पण लेफ्ट, हे वरच्या कडेचं. राइट साइड टोटल रिकामी. राइट हँडनं तो कंट्रोलर फक्त खालून धरतो."

"आणि आता?"

"आता वरच्या कडेवर फुल फॉरवर्ड. आणि स्टॉप इकडे, राइटला, या चार बटणांतलं खालचं. शनिवारी सहा चाळीसला कुणीतरी बदलून सेव्ह केलंय. लॅपटॉपला पासवर्ड नाही. सहा ते सात आम्ही सगळेच आतबाहेर करत होतो."

चिंतामणींच्या अंगातला जुना अधिकारी जागा झाला. "सराव सुरू करण्याआधी 'बंद' चालतं का, हे तपासलं नाही?"

पायलनं मान खाली घातली. "कालपर्यंत चालत होतं ना, काका."

कालपर्यंत चालत होतं! असल्या वाक्यापायी गेलेले पाच जण चिंतामणींनी मोजले होते.

"बंद काढून टाकलं असतं तर लगेच कळलं असतं, की कुणी मुद्दाम केलंय," ते म्हणाले. "हे नुसतं हलवलंय. म्हणजे नंतर बघणाऱ्याला वाटावं, राजरत्ननं स्वतःच अशी मांडणी केली आणि ऐन वेळी गोंधळला. करणारा हुशार आहे."

"हुशार? काका, तो बावळट आहे." पायल ताडकन म्हणाली. "हे बटण कशानं दाबतात?"

"अंगठ्यानं."

"राजरत्नला उजवा अंगठाच नाहीये. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं, तीच गेलीत. मोज्यात कापूस आहे, ताईनं शिवून दिलाय. चारचौघांत तो कधी काढत नाही, त्याला लाज वाटते. त्याच्या घरचे सोडले तर फक्त मला माहिती. आता सांगा, जिथे आपलं बोटच पोचत नाही, तिथे तो स्वतःच्या हातानं स्टॉप ठेवेल?"

"पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाले, दुसऱ्या कशानं दाबत असेल. आणि त्याच्या जुन्या भरपाईच्या कागदात 'उजवा अंगठा शाबूत' असं लिहिलंय म्हणे. कोणत्या गाढवानं लिहिलं, देव जाणे!"

चिंतामणींनी चहाचा कप खाली ठेवला. कोणत्या गाढवानं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

४

खरं सांगायचं तर चिंतामणींची चूक झाली नव्हती. चुकीला क्षमा असते. त्यांनी तो अंगठा पाहिला होता, स्टीलच्या ट्रेमध्ये, वेगळा ठेवलेला. अंगठा गेला की हात गेल्यातच जमा आणि मग कंपनीवर बोजा वाढतो, असं मॅनेजर म्हणाला. कंपनीचा डॉक्टर हवं तसं लिहून द्यायला तयार होता. एकोणीस वर्षांचा कंत्राटी पोरगा, बाप नाही, बहीण टायपिस्ट. कोण विचारणार होतं? 'तर्जनी, मधले बोट व अनामिका गमावली; अंगठा शाबूत' असं लिहून चिंतामणींनी ठसठशीत सही केली आणि दुपारी व्यवस्थित जेवले.

आता नऊ वर्षांनी त्या खोट्या अंगठ्यानं त्यांची मानगूट धरली. कारण कोडं सरळ होतं. ज्यानं मॅपिंग बदललं, त्याला राजरत्नचा उजवा अंगठा शाबूत आहे याची खात्री होती. नुसती अटकळ असती तर त्यानं उजव्या बाजूला हातही लावला नसता. असं मानणारा माणूस सापडला की काम झालं.

बुधवारी चिंतामणी उल्हासनगरला गेले आणि मनोमन एकच मागत राहिले: असं मानणारा कुणीतरी परका भेटू दे.

मुकेश तलरेजा भूपेशचा धाकटा भाऊ. गाळा रिकामा करून तिथे जीन्सच्या शिलाई मशीन लावायच्या, असा त्याचा वर्षभराचा धोशा. भाऊ मरून चार दिवस झाले नव्हते आणि माप घेणारा माणूस आतमध्ये टेप धरून उभा होता. चिंतामणींना तो लगेच आवडला. खुनी म्हणून इतका सोयीचा माणूस मिळणं कठीण.

"साईं, मला त्या खेळण्यातलं एबीसीडी कळत नाही," मुकेश म्हणाला. "भाईला बोलत होतो, धंद्याच्या जागेवर पोरखेल नको. वो सुनता किधर था? ते सोहमला मात्र जाम लागलेलं."

"सोहमला? काय लागलेलं?"

"पहिले तोच चलाता था ना. भाईनं त्याला हटवून राजरत्नला बसवलं. पुणेवाले आले, त्यांनी पण राजरत्नलाच उचललं. सोहम बोलला, चालेल, नो प्रॉब्लेम. अहो, एवढं गोड कोणी बोलतं का?"

चिंतामणींनी घाईनं विषय बदलला. "राजरत्नच्या उजव्या हाताला नेमकं काय झालंय?"

"हाथ? तो तर पूरा नकली आहे ना? रबरचा. मी कधी शेकहँड पण नाही केला, अपशकुन."

पूर्ण हात रबरी समजणारा माणूस त्या हाताला बटण देणार नाही. मुकेश सुटला. चिंतामणींना याचं इतकं वाईट वाटलं की त्यांनी क्षणभर खांबाला हात टेकला.

गाळा झाडायला येणारी गयाबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. पिंजऱ्याची फरशी तीन दिवस धुऊनही डाग जाईना म्हणून ती वैतागली होती.

"बाई, भूपेशशेठ आत कसे जायचे?"

"कसं म्हंजी? पयले पाय, मंग हाक. दोन वर्सं बघतंय मी. समद्यांना ठावं. तुमचा सोहम तं नकला करून दावायचा त्याच्या, समदी हसायची."

"आणि राजरत्नचा हात?"

"त्यो मोजा घालतंय त्यो? चारी बोटं गेलीत म्हनं. कोन म्हनतंय पाच. मोजा काडला त दिसंल ना बाबा, पन काडतंय कुठं त्यो?"

कोणी रबर म्हणालं, कोणी चार, कोणी पाच. अंगठा आहे, असं मात्र कुणी म्हणेना. परतीच्या रिक्षात चिंतामणींना दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. राजरत्न पहिल्यांदा घरी येऊन गेला होता आणि सोहमनं जेवताना विचारलं होतं, "बाबा, तुमच्याच कंपनीत ना? किती बोटं गेली हो त्याची?"

त्यावर आपण काय उत्तर दिलं, हेही त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

५

गुरुवारी संध्याकाळी कुंदाताई भाजी निवडत होत्या. सोहम सोफ्यावर मोबाइल चाळत होता. चिंतामणींनी पंख्याकडे बघत, अगदी सहज वाटेल असं विचारलं.

"राजरत्नच्या उजव्या हाताला कोणती बोटं शिल्लक आहेत रे?"

"अंगठा आणि करंगळी," सोहम मान वर न करता म्हणाला. "तुम्हीच तर सांगितलं होतंत."

कुंदाताईंनीही मान डोलावली. "हो की. अंगठा आहे त्यावर निभावतं, असं म्हणाला होतात."

चिंतामणी खाली बसले. घरातसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. ताट पुढे असताना ट्रेमधला अंगठा कोण काढणार? म्हणून कागदावर लिहिलेलंच वाढलं होतं. आणि आता त्या गाळ्यात ये-जा करणारा, या थापेवर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, तो त्यांनीच जन्माला घातलेला.

"त्याला अंगठा नाही, सोहम."

मोबाइलवरचं बोट थांबलं.

"तू 'बंद' जिथे हलवलंस, तिथे त्याला दाबता येणारं काहीच नाही. त्याला अंगठा आहे असं त्या गाळ्यात फक्त तुला वाटत होतं."

सोहमचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला. "मला वाटलं, दार उघडायच्या आधी दाबेल. भिंतीवर आपटेल, घोरपड फुटेल, सगळे म्हणतील याला जमत नाही. बास. एवढंच. मी बनवली ती, बाबा. दोन वर्षं. आणि व्हिडिओत कोण? मोजेवाला. पुण्याला कोण? मोजेवाला."

"भूपेश आधी पाय ठेवतो, मग हाक मारतो. रविवारी तूच मला सांगितलंस."

"ते..."

"त्याची नक्कल करायचास तू."

सोहमनं उत्तर दिलं नाही. चिंतामणींनी असंख्य कामगारांना असं गप्प होताना पाहिलं होतं, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी दर वेळी सोयीनं लावला होता. आज सोयीचा अर्थ सापडेना. मुलाला ठाऊक होतं. ठाऊक असून तो मुंजीला जाऊन जिलब्या खाऊन आला होता.

"अहो, गप्प बसा," कुंदाताई कुजबुजल्या. पालेभाजी मांडीवरून खाली सांडली होती. "कुणाला काही सांगायचं नाही. कुणाला कळणार आहे?"

सोहमनं डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर तो बराच शांत दिसला. "आई बरोबर म्हणते. मॅपिंगवर कुणाचं नाव नसतं. तुम्ही तोंड उघडलंत, तर आधी स्वतःचा अहवाल खोटा होता हे सांगावं लागेल. सही तुमची आहे. सांगाल?"

चिंतामणींना मुलाच्या तोंडी स्वतःचाच आवाज ऐकू आला. कोण विचारणार आहे?

बेल वाजली.

६

यशोधरा आत आली ती चप्पल काढून, नीट पदर सावरून. सांडलेली भाजी, कुंदाताईंचा चेहरा, सोहमचे लाल डोळे तिनं एका नजरेत टिपले आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"विचारलंत वाटतं."

"तुम्हाला..." चिंतामणी अर्धवट उठले. "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"पायलच्या मोबाइलवरचा फोटो बघितला त्या दुपारीच. अंगठ्याचं बटण, आणि कागदातला अंगठा. कागद तुमच्या सहीचा. त्या कागदावर विश्वास ठेवणारा तुमच्या घरातलाच असणार, हे कळायला कितीसा वेळ लागतो?" ती थंडपणे बोलत होती. "पण कागद लिहिणारा माणूस घरी काय बोलला, ते मी कुठून सिद्ध करणार? माझं कोण ऐकणार? टायपिस्ट बाई, आरोपीची बहीण. म्हणून तुम्हाला कामाला लावलं. तुमच्याच पायांनी तिथवर गेलात, आता नाही म्हणता येणार नाही."

तिनं पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. चिंतामणींनी वाचला. नऊ वर्षांपूर्वीचा खोटा अहवाल, त्याचं कारण, मॅनेजरचं नाव, घरी वाढलेली तीच थाप, सगळं होतं. फक्त एका ओळीत जागा मोकळी होती. 'ही गोष्ट मी खरी म्हणून फक्त माझी पत्नी व ______ यांना सांगितली होती.'

"मंगळवारीच टाइप केलंय," यशोधरा म्हणाली. "नाव तुमच्या हातानं हवं."

"ताई, पाया पडते," कुंदाताईंनी खरोखरच तिचे पाय धरले. "एकुलता एक आहे हो."

यशोधरेनं पाय मागे घेतले. "राजरत्नच्या वेळी आमची आई अशीच धरत होती, कारखान्याच्या फाटकात. साहेबांना आठवत असेल. साहेब गाडीची काच वर करून गेले."

सोहम उठून उभा राहिला. "बाबा, तुम्ही लिहिणार नाही."

चिंतामणींनी त्याच्याकडे पाहिलं. हा मुलगा राजरत्नच्या शेजारी दोन वर्षं बसला, त्याच्या ताटातलं खाल्लं, आणि एकदाही त्याच्या हाताकडे नीट बघितलं नाही. बापाच्या तोंडचं पुरेसं वाटलं त्याला. याहून जास्त पितृभक्ती कुठे सापडणार? चिंतामणींना रडू आलं, आणि ते रडू कुणासाठी आहे हे त्यांना कळेना.

त्यांनी पेन घेतलं. नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. बारशाच्या दिवशी तांदळात लिहिलेलं नाव होतं ते. 'मुलगा सोहम चिंतामणी टिपणीस.' सोहम दार आपटून खाली गेला. कुठे जाणार होता? पोलिसांनी त्याचा पत्ता आधीच लिहून घेतला होता, साक्षीदार म्हणून.

चिंतामणी कागदाच्या तळाशी सही करायला वाकले, तेव्हा यशोधरेनं पेन काढून घेतलं.

"सही नको. तुमची सही नऊ वर्षांपूर्वी बघितलीय मी." तिनं शाईचा चपटा डबा टेबलावर ठेवून उघडला. जांभळी शाई, तिच्या बोटांना लागलेली तीच. "अंगठा उठवा."

चिंतामणींनी हात पुढे केला. एकतीस वर्षांत कामगारांचे शेकडो अंगठे त्यांनी कागदावर दाबून घेतले होते, रीत त्यांना पाठ होती. पुरुषाचा डावा घेतात. त्यांनी डावा अंगठा शाईवर टेकवला.

यशोधरेनं त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"उजवा," ती म्हणाली.